चुन्याचा पट्टा

"दूध पातळ लागतंय," चहाचा पहिला घोट घेत घड्याळजी म्हणाला.

"कालच्याच पातेल्यातलं आहे," त्याची बायको वेणी घालता घालता म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि तिला ड्यूटीवर जायची घाई होती. "काल म्हणालात, फार दाट आहे, नक्की पीठ मिसळलंय. त्या दूधवाल्याने करावं तरी काय?"

"म्हणजे तो रोज काहीतरी वेगळं करतो. माझ्या लक्षात आलंय."

असा एखादा माणूस तुमच्याही घरात असेल. कधीकधी तो आपल्याच आरशात दिसतो, पण तिथे आपण त्याला जागरूक नागरिक म्हणतो! घड्याळजीही स्वतःला जागरूकच समजायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. दिवसभर उजव्या डोळ्याला भिंग लावून तो घड्याळांच्या पोटात बघायचा आणि बारीकसा केर सापडला की खूश व्हायचा. पुढे त्याने ते भिंग माणसांनाही लावलं. भाजीवालीचा तराजू, पोस्टमनचं हसणं, शेजाऱ्याने आपण होऊन केलेली मदत, सगळ्यात त्याला केर दिसू लागला. गाव त्याला मागून 'भिंग' म्हणायचं. नंतर नंतर तोंडावरही म्हणायला लागलं.

त्या दिवशी तो दुकानाच्या फळ्या काढत होता, तेवढ्यात रस्त्याने त्याची वहिनी येताना दिसली. थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी आता गावाच्या वनसमितीची अध्यक्ष होती. तिच्या एका हातात चुन्याची बादली होती आणि दुसऱ्या हातात जाड कुंचला.

"सकाळी सकाळी कुठे, वहिनी?"

"जंगलात. पट्टे मारायला. येता का, भाऊजी? बादली धरायला कोणी नाही."

"दुकान कोण बघणार?"

"दुकान काय पळून जातंय? सभेलाही आला नाहीत. आणि तुमच्या फळ्या समितीच्या शेडमध्ये पडून आहेत, दोनदा निरोप पाठवला. न्या की एकदाच्या."

"बघू," घड्याळजी म्हणाला. कसल्या फळ्या नि कसलं काय! बोलावून घ्यायचं आणि गळ्यात वर्गणी मारायची, असा त्या निरोपाचा अर्थ त्याने केव्हाच लावून टाकला होता. सभेचंही तसंच. आधी ठरवून ठेवलेलं नंतर वाचून दाखवतात त्याला सभा म्हणतात, असं त्याचं मत होतं. बायकोची त्या वेळी ड्यूटी असायची, तेव्हा त्यांच्या घरातून सभेला कोणीच जात नसे.

वहिनी वळणावर दिसेनाशी झाली, पण एक शब्द त्याच्या कानात राहून गेला. पट्टे!

या गावात हा शब्द साधा नव्हता. पूर्वी जंगल गावाचं नव्हतं. ठेकेदाराची माणसं यायची, चांगली झाडं हेरून त्यांच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढायची, आणि मागून करवतवाले यायचे. पट्टा दिसला की ते झाड गेलं म्हणून समजायचं. इतकं, की कोणाची नोकरी जायची वेळ आली तरी लोक म्हणायचे, "त्याला पट्टा लागला." त्या पट्ट्यांनीच वरचा उतार बोडका केला, आणि उताराखालचा झरा आटला. मग गावाने अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी जंगलाची मालकी गावाकडे आली. सगळ्यांचं मिळून एक जंगल! वनसमिती निवडली गेली, आणि वहिनी अध्यक्ष झाली.

आणि आता तीच वहिनी चुन्याची बादली घेऊन निघाली होती, तीही एकटी.

घड्याळजीचं डोकं चालू लागलं. वहिनीच्या घराला नुकतंच नवं दार बसलं होतं. अस्सल लाकडाचं, जाड. एवढं लाकूड आलं कुठून? गेल्या आठवड्यात समितीच्या शेडपाशी एक ट्रक उभा होता. घड्याळातल्या दोन चाकांचे दाते एकमेकांत बसावेत तसं त्याला सगळं जुळताना दिसलं.

रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती घास तोंडाशी नेता नेता थांबली.

"जाऊबाई तशा नाहीत हो."

"तसं कोणीच नसतं. सापडेपर्यंत."

"मग विचारा ना त्यांना. घर काय लांब आहे?"

"विचारलं की सावध होतील. तू यात पडू नकोस."

सुट्टीच्या दिवशी दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, घड्याळजी पिशवीत तारेचा ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन जंगलात गेला. यंदा तोडीसाठी आखलेला भाग कुठला, ते भोवती बांधलेल्या दोरीवरून कळत होतं. दोरीच्या आत शिरला आणि जागच्या जागी थबकला. वाकडी, खुरटी, दाटीत घुसमटलेली झाडं बिनपट्ट्याची होती, आणि जी सरळ होती, भरदार होती, त्यांच्याच अंगावर नेमका पट्टा! ठेकेदारानेही यापेक्षा चांगली निवड केली नसती.

आणि थोरलीला सुद्धा पट्टा!

थोरली म्हणजे या जंगलातलं सगळ्यात जुनं झाड. गावातल्या प्रत्येकाने लहानपणी हातात हात धरून तिला कवेत घ्यायचा प्रयत्न केलेला असे. घड्याळजीने केला होता, त्याच्या भावाने केला होता. ठेकेदाराच्या काळातही ती कशी कोण जाणे वाचली होती. तिच्या काळपट सालीवर तो ताजा पांढरा पट्टा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं पाणी होतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"भावाची आठवणही नाही ठेवलीत, वहिनी," तो पुटपुटला.

मग त्याने बाह्या सरसावल्या. पट्टाच नसेल तर करवतवाले हात कशाला लावणार? बाहेरगावची टोळी येते, खूण बघते आणि कामाला लागते. खूण गेली की झाड वाचलं! त्याने पाणी मारलं, ब्रश चालवला, सालीच्या भेगाभेगांतून चुना खरवडून काढला, वर ओली माती चोळली. घड्याळजीचं काम कसं असतं तुम्हाला माहीत आहे. एक ठिपकासुद्धा दिसेना. बाकीच्या झाडांकडे वळणार तेवढ्यात खालच्या वाटेवर कोणी खोकलं, म्हणून तो आडवाटेने घरी आला. त्या रात्री त्याला अगदी शांत झोप लागली. गावात एवढी माणसं, पण थोरलीला वाचवणारा मी एकटा!

पुढच्या आठवड्यात टोळी आली. दिवसभर डोंगरावरून करवतींचा आवाज येत होता. घड्याळजी दुकानात बसून ऐकत होता आणि मनातल्या मनात हसत होता. दुपारनंतर एक आवाज असा आला की काचेच्या कपाटातली घड्याळं थरथरली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला.

"भिंग, कळलं का? थोरली पाडली!"

घड्याळजी उभा राहिला. "काय सांगतोस? कोणी?"

"टोळीने. तुमच्या वहिनी खालच्या अंगाला होत्या, आवाज ऐकून धावत गेल्या, तोवर खेळ खलास. लोक म्हणतात हे त्यांचंच काम. एवढं लाकूड, विकणार असतील. दाढीला बसलात तेव्हा तुम्हीच म्हणत होतात ना, नवं दार कुठून आलं?"

घड्याळजीला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तो म्हणत होता ते खरं निघालं होतं! बघता बघता दुकानात माणसं जमली. ज्यांनी कधी त्याला चहा विचारला नव्हता ते त्याच्या स्टुलावर बसून त्याचं मत विचारायला लागले. शिंपी म्हणाला, वहिनीला परवाच्या सभेत उभं करायचं, आणि अध्यक्षपदावरून काढून टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"पण मला एक कळत नाही," घड्याळजी म्हणाला, "पट्टा नसताना टोळीने तोडली कशी?"

"म्हणजे काय? पट्टा नव्हता म्हणूनच तोडली!" न्हावी म्हणाला. "मुद्दाम मारला नाही त्यांनी. हाच तर डाव!"

"पट्टा नव्हता म्हणून?"

"अहो, पट्टा मारलेली झाडं राखायची, असं सभेत ठरलं नव्हतं का? दोरीच्या आतलं बाकीचं तोडायचं. तरण्या झाडाच्या बुंध्याला पुन्हा फुटवा येतो, म्हातारीला येत नाही, म्हणून म्हाताऱ्या नि भरदार झाडं बियाण्यासाठी ठेवायची. पट्टा म्हणजे हात लावायचा नाही. अख्ख्या सभेसमोर वहिनींनी सांगितलं होतं." न्हावी थांबला. "हां, तुम्ही नव्हतात."

घड्याळजीच्या चिमट्यातून स्क्रू सुटला आणि फरशीवर कुठेतरी गेला. तो शोधायला तो वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं नाही. पाय आपोआप समितीच्या शेडकडे वळले. अंगणात थोरलीचा ओंडका पडला होता, आणि त्यावर वहिनी बसली होती. एकटीच. नखाने साल उकरत होती.

"बरं झालं आलात, भाऊजी," ती म्हणाली. "भिंग आणलंय ना खिशात? माझे डोळे आता पोचत नाहीत. या सालीत कुठे चुना दिसतो का बघा."

"चुना?"

"मला पक्कं आठवतंय, हिला मी सगळ्यात आधी पट्टा मारला. पण टोळीचा म्होरक्या शपथेवर सांगतो, पट्टा नव्हता. माणूस खोटं बोलेलसा वाटत नाही. म्हणजे मीच विसरले असणार. ऊन होतं, एकटीच होते. बादली ठेवायची, कुंचला उचलायचा, पुन्हा बादली." तिने नखात अडकलेली साल झटकली. "वय झालं हो माझं, भाऊजी. रात्रभर हाच विचार. आपल्या हातून थोरली गेली."

घड्याळजी तिच्याकडे बघतच राहिला. साऱ्या गावाने हिच्यावर संशय घेतला होता, आणि ही बाई एकट्या स्वतःवर संशय घेत बसली होती!

त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि ओंडक्यावर वाकला. इतकं चोख काम केलं होतं, तरी एका खोल भेगेत, मातीच्या आड, मोहरीएवढा पांढरा ठिपका होताच. भिंगातून तो केवढातरी दिसला.

"आहे का?" वहिनीने विचारलं.

"नाही," घड्याळजी म्हणाला.

वहिनीने मान हलवली. "मग माझीच चूक."

तो सरळ झाला तेव्हा त्याची नजर शेडच्या भिंतीकडे गेली. तिथे जाड फळ्यांची चळत उभी होती आणि वरच्या फळीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'घड्याळजी'. शेजारी डकवलेल्या यादीवरून कळलं, वादळात पडलेल्या झाडाच्या त्या फळ्या चिठ्ठ्या टाकून काही घरांना वाटल्या होत्या. त्याने फळीवरून हात फिरवला. लाकडाच्या रेषा ओळखीच्या होत्या, वहिनीच्या नव्या दाराच्या.

तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोने कारण विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं. तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सभेला मी रजा टाकून येते. तुम्ही येताय का, ते तुम्ही ठरवा."

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी सभेला न फिरकणारे आज पहिल्या ओळीत होते, कारण आज कोणाची तरी फजिती बघायला मिळणार होती. मंडळी, आपलं हे असंच असतं. रस्ता, पाणी, जंगल यांच्या सभेला आपल्याला वेळ नसतो, आणि कोणाला खाली खेचायचं असलं की आपण पाच मिनिटं आधी येतो!

वहिनी उभी राहिली. "थोरलीला पट्टा मारल्याचं मला आठवतं," ती म्हणाली, "पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. माझ्या दिरांनी भिंग लावून बघितलं. चुना नाही. म्हणजे पट्टा राहिला, आणि तो माझ्याकडून राहिला. मी अध्यक्षपद सोडते."

"राहिला नाही, ठेवला!" शिंपी ओरडला. "लाकूड कोणाला देणार होतात ते सांगा!"

"आधी त्या दाराचं सांगा!" मागून कोणी म्हणालं.

सभागृहात एकच गलका झाला. घड्याळजीच्या बायकोने त्याच्याकडे बघितलंही नाही. आणि घड्याळजी उठला. 

"चुना आहे," तो म्हणाला. आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मग तो ओरडला, "चुना आहे! भेगेत आहे, या आणि बघा! वहिनींनी पट्टा मारला होता. मी पुसला! मी, या हातांनी!"

सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"मला वाटलं पट्टा म्हणजे तोडायची खूण. मला वाटलं वहिनी विकतायत. मी थोरलीला वाचवायला गेलो होतो, आणि मीच तिला मारली! काल वहिनींनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. आणि ते दार पडलेल्या झाडाचं आहे, त्याच झाडाच्या माझ्या वाटच्या फळ्या शेडमध्ये धूळ खातायत. मी आणायलाही गेलो नाही, कारण मला त्यातही डाव दिसला."

"दंड करा याला!" शिंपी म्हणाला. परवा तो घड्याळजीच्याच स्टुलावर बसला होता.

"दंडाने थोरली उभी राहणार आहे का?" वहिनी म्हणाली. ती घड्याळजीकडे वळली. "भाऊजी, मला राग आलाय. खोटं कशाला सांगू? तुमच्या दादांबरोबर मी त्या झाडाखाली बसलेय. पण एक सांगते, आणि हे सगळ्यांनीच ऐका. संशय घेतलात त्याचा मला राग नाही. ठेकेदाराच्या काळात आपण वेळेवर संशय घेतला असता तर वरचा उतार बोडका झाला नसता. जंगल गावाचं आहे, म्हणजे समितीला जाब विचारायचा हक्क प्रत्येकाचा आहे. मग विचारा ना! 'वहिनी, हा पट्टा कशाला?' एवढं विचारायला काय लागत होतं? मी तर तुम्हाला बादली धरायला बोलावत होते!"



"आणि चूक माझीही आहे," वहिनी पुढे म्हणाली. "या गावात पट्टा म्हणजे मरण, हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ उलटा केला आणि तो फक्त सभेत सांगितला. जे आले त्यांना कळला. वाटेवर एक पाटी लावायला हवी होती. एकटीने पट्टे मारायला नको होते. चांगलं काम असलं तरी ते चारचौघांच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं, नाहीतर ते चांगलं आहे हे कोणाला कसं कळणार?"

वहिनीचं अध्यक्षपद कोणी घेतलं नाही. तिनेच राहावं म्हणून सगळ्यांनी हात वर केले, शिंप्यानेही केला, जरा उशिरा. सभेत दोन गोष्टी ठरल्या. एक म्हणजे, पट्टे मारताना ज्याला समितीचं पटत नाही असा एक माणूस तरी बरोबर असलाच पाहिजे. दुसरी गोष्ट, थोरलीचं बी निवडायचं काम, घड्याळजीने स्वतःच मागून घेतली. थोरली पडली तेव्हा तिच्या फांद्यांवर शेंगा पिकल्या होत्या. लोकांनी त्या गोळा केल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बी निवडत बसला. किडीने टोचलेलं एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला. वहिनीने बोडक्या उतारावर खड्डे घेतले होते. बियांची पिशवी घेऊन तो तिच्या मागून चढला. दोघं फारसं बोलत नव्हते.

जंगलाच्या वाटेवर आता एक मोठी पाटी आहे. ती घड्याळजीच्या वाटच्या फळ्यांची आहे. तिच्यावर लिहिलंय: 'पट्टा मारलेलं झाड राखायचं आहे. का, ते विचारायला या.'

वर्ष फिरलं. तोडलेल्या तरण्या झाडांच्या बुंध्यांना माणसाच्या उंचीचे फुटवे आले. उतारावर थोरलीची काही रोपं टिकली, काही जळाली. थोरलीचा बुंधा मात्र तसाच आहे. त्याला फुटवा येणार नाही हे घड्याळजीला कळतं, तरी जाता-येता तो वाकून बघतोच.

यंदाच्या पट्ट्यांना बादली त्याच्या हातात होती. न पटणारा माणूस म्हणून सगळ्यांनी एकमताने त्याचंच नाव सुचवलं होतं! आणि तो प्रत्येक झाडापाशी अडत होता. हेच का? ते का नाही? याची साल पोखरलेली दिसते, हे कशाला राखायचं? दोन झाडांच्या बाबतीत वहिनीला त्याचं म्हणणं मानावं लागलं. बाकीच्यांच्या बाबतीत तिने उत्तरं दिली, आणि दुपारपर्यंत तिचा घसा बसला.

मंडळी, जे सगळ्यांचं असतं ते राखायला नुसता विश्वास पुरत नाही. शंका घ्यावीच लागते. पण ती खिडकीत बसून घेऊ नये. शंका घेऊन सभेला जावं, जंगलात जावं, तोंडावर विचारावं, आणि उत्तर मिळाल्यावर बादली धरावी. पाठीमागे घेतलेल्या संशयाने जंगलही जातं आणि माणूसही जातो.

"आता पुरे, भाऊजी," शेवटच्या झाडापाशी वहिनी म्हणाली. "अजून काही शंका?"

"एक आहे. तुम्ही मला माफ केलंत का?"

 वहिनीने कुंचला बादलीत बुडवला, निथळू दिला, आणि घड्याळजीच्या सदऱ्याच्या बाहीवर एक रुंद पांढरा पट्टा ओढला.

"चला आता शेडवर," ती म्हणाली, "चहा थंड होईल."